तारकागुच्छ कसे जन्मतात, कसे बदलतात, कसे विरतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीशेजारी उभे राहून लोकांना कृत्तिका दाखवताना तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरे सावकाश द्यावीत म्हणून हे पान लिहिले आहे. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत असते: गुच्छ ही कायमची, ठरीव वस्तू आहे. तसे नाही. गुच्छ जन्मतो त्या दिवसापासून सुटू लागतो. कुणी लवकर सुटतो, कुणी फार उशिरा, एवढाच फरक. हे डोक्यात ठेवले तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

तारकागुच्छ आणि तारकासमूह एकच का?

नाही. तारकासमूह म्हणजे आपण पृथ्वीवरून पाहून जोडलेली आकृती. त्यातले तारे एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षे पुढेमागे असू शकतात. तारकागुच्छातले तारे एकाच मेघातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले असतात आणि एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात. सगळ्यांचे जन्मस्थान एक, वय एक, मूळ घटक द्रव्यही जवळपास एक. दीर्घिकांचेही, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड वसाहतींचेही, गुच्छ असतात, पण तो विषय सर्वस्वी वेगळा.

ते खरोखर एकत्र आहेत हे कशावरून? नुसते एका रेषेत आल्यासारखे दिसत नसतील ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो अडीचशे वर्षांहून जुना आहे. जॉन मिशेल यांनी १७६७ साली गणित मांडले: तारे आकाशात कसेही विखुरले असते तर कृत्तिकांमधले ठळक तारे इतके दाटीने येण्याची शक्यता किती? उत्तर आले ४,९६,००० मध्ये १. म्हणजे योगायोग नव्हे, त्यांच्यात काही नाते आहे. तेव्हा एकाही ताऱ्याचे अंतर कुणी मोजलेले नव्हते, हे लक्षात घेतले की या युक्तिवादाची उंची कळते.

आज पुरावा थेट आहे. युरोपच्या गाया या अवकाशयानाने २०१४ ते २०२५ या काळात १८० कोटींच्या आसपास ताऱ्यांची स्थाने मोजली, त्यांतल्या बहुतेकांची अंतरे आणि आकाशातली सरकण्याची गतीही. गुच्छातले तारे एकाच अंतरावर असतात आणि एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने सरकतात. जो तसा सरकत नाही तो घरचा नाही. रोहिणी हे याचे उत्तम उदाहरण. रोहिणी शकटाच्या त्रिकोणी आकारात सर्वांत ठळक नारिंगी तारा दिसतो तो स्वतः रोहिणी, पण तो त्या गुच्छाचा सदस्यच नाही. तो ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि बाकीचा गुच्छ १५० प्रकाशवर्षांच्या आसपास. तो फक्त वाटेत उभा आहे.

मग सप्तर्षी?

इथे उलटे आश्चर्य आहे. सप्तर्षी ही आकृती असली तरी सातांपैकी पाच तारे खरोखर भावंडे आहेत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे साधारण ८० प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेने चालले आहेत. वसिष्ठाजवळची अरुंधतीही त्यांच्यातलीच. दोन टोकांचे क्रतु आणि मरीची मात्र परके. त्यांची चाल वेगळी आहे, त्यामुळे लाखभर वर्षांनी ही आकृती ओळखू येणार नाही. पाच जणांचा हा समूह म्हणजे केव्हाच सुटलेल्या गुच्छाचा उरलेला माग आहे. बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण आता पुरेसे नाही, पण जुनी चाल अजून एक आहे.

गुच्छ जन्मतो कसा?

ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे वायू आणि धूळ असते, आणि काही ठिकाणी तिचे प्रचंड, थंडगार मेघ असतात. यांना रेणुमेघ म्हणतात, कारण त्यांतला हायड्रोजन अणूंच्या नव्हे तर रेणूंच्या रूपात असतो. तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास. एका घनसेंटिमीटरमध्ये काही शे रेणू, म्हणजे प्रयोगशाळेत नेहमी तयार करतात त्या निर्वात पोकळीपेक्षाही विरळ. पण पसारा शंभरेक प्रकाशवर्षांचा असल्याने एकूण वस्तुमान लाखो सूर्यांइतके भरू शकते.

अशा मेघात सतत रस्सीखेच चालू असते. गुरुत्वाकर्षण आत ओढते. उष्णतेचा दाब, चुंबकीय क्षेत्र आणि आतली खळबळ बाहेर ढकलतात. बहुतेक जागी मेघ तग धरतो. जिथे द्रव्य जरा जास्त दाटते तिथे गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. दाट भाग आकसतो, आकसल्याने आणखी दाट होतो, आणखी जोराने आकसतो. मेघ थंड असणे इथे फार महत्त्वाचे, कारण थंड वायूचा प्रतिकार दुबळा असतो आणि तो लहान लहान तुकड्यांत कोसळू शकतो. म्हणूनच एका मेघातून एक महाकाय तारा न होता शेकडो, हजारो तारे होतात. मेघ धाग्यांसारखा ताणला जातो, धाग्यांवर गाठी पडतात, आणि धागे जिथे एकमेकांना मिळतात तिथे गाठींची दाटी होते. गुच्छ तिथे जन्मतो.

हे सगळे धुळीआड घडते. साध्या दुर्बिणीला तिथे फक्त काळोखा डाग दिसतो. अवरक्त किरण धुळीतून पार होतात, म्हणून अशा गर्भावस्थेतल्या गुच्छांचा अभ्यास अवरक्त दुर्बिणी हाती आल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू झाला. जेम्स वेब दुर्बिणीची जी छायाचित्रे आपण पाहतो त्यांतली कितीतरी याच अवस्थेची आहेत.

मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धुरकट ठिपका दिसतो, तो मृगातला तेजोमेघ. तिथे हे काम नुकतेच उरकते आहे. लहानशा दुर्बिणीतून पाहिले की तेजोमेघाच्या ऐन मध्यावर चार तारे अगदी दाटीवाटीने बसलेले दिसतात. पहिल्यांदा पाहणारे त्यांना एकच तारा समजतात, आणि मग डोळा स्थिरावला की ‘अरे, चार आहेत’ असा उद्गार हमखास निघतो. आजूबाजूच्या साऱ्या वायूला उजळवणारे ते चौघे, आणि त्यांच्याभोवती न दिसणारे दोनेक हजार तारे. वय जेमतेम १० ते ३० लाख वर्षे. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षे.

मेघातला सगळा वायू ताऱ्यांत जातो का?

मुळीच नाही, आणि गुच्छाचे भवितव्य इथेच ठरते. गुच्छ घडवणाऱ्या दाट भागातसुद्धा साधारण १० ते ३० टक्के द्रव्याचेच तारे होतात. बाकीचा वायू तसाच भोवती राहतो. दरम्यान सर्वांत जड तारे पेटलेले असतात. त्यांचे अतिनील किरण वायू तापवतात, त्यांच्यापासून सुटणारे जोरदार वारे वायू हाकलतात, आणि पुढे अतिनवताऱ्यांचे, म्हणजे जड ताऱ्यांच्या अखेरीचे, स्फोट उरलेसुरले साफ करतात. काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत मैदान मोकळे होते.

आता विचार करा. ताऱ्यांना बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण नुसत्या ताऱ्यांचे नव्हते, त्यात मोठा वाटा वायूचा होता. तो वायू अचानक निघून गेला. तारे मात्र पूर्वीच्याच वेगाने फिरत आहेत. साधे गणित सांगते की अर्ध्याहून अधिक वस्तुमान झटक्यात गेले तर उरलेले बंधन तुटते. प्रत्यक्षात वायू सावकाश गेला किंवा मध्यभागी ताऱ्यांची दाटी पुरेशी असली तर एक गाभा टिकतो. पण धुळीआड जन्मणाऱ्या गुच्छांची संख्या आणि पुढे उघड्यावर दिसणाऱ्या गुच्छांची संख्या ताडून पाहिली की कळते: दहातला एखादाच हे संकट पार करतो. आपल्याला आकाशात जे गुच्छ दिसतात ते वाचलेले आहेत.

कृत्तिकांच्या छायाचित्रात निळसर धूसरपणा दिसतो. तो जन्माच्या वेळचा उरलेला वायू ना?

फार वर्षे तसेच मानले जाई. पण कृत्तिकांचे वय १० ते १२ कोटी वर्षे आहे. इतका काळ जन्मद्रव्य टिकत नाही. शिवाय त्या धुळीची गती ताऱ्यांच्या गतीशी जुळत नाही. कृत्तिका सध्या एका परक्या धूलिमेघातून चालल्या आहेत आणि त्यांचा प्रकाश त्या धुळीवर विखुरतो आहे, एवढेच. काही काळाने त्या मेघापलीकडे जातील आणि ती निळी झाक नाहीशी होईल.

गुच्छाचे वय कसे कळते?

एका ताऱ्याकडे पाहून त्याचे वय सांगणे फार अवघड असते. सूर्याचे वय आपल्याला उल्कापाषाणांवरून कळले. पण गुच्छ हाती आला की काम सोपे होते, आणि माझ्या मते गुच्छांचे विज्ञानाला मिळालेले सर्वांत मोठे दान हेच आहे.

गुच्छातल्या प्रत्येक ताऱ्याचा रंग आडव्या अक्षावर आणि तेज उभ्या अक्षावर मांडा. निळे डावीकडे, तांबडे उजवीकडे. बहुतेक तारे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणाऱ्या एका तिरप्या पट्ट्यावर बसतात. हा मुख्य क्रम. इथले तारे गाभ्यात हायड्रोजन जाळत असतात. जड तारे वर, निळे आणि प्रखर. हलके तारे खाली, तांबडे आणि मंद.

जड ताऱ्याकडे इंधन जास्त असते, पण तो ते उधळतो. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो. सूर्याच्या निम्म्याहूनही हलका तारा विश्वाच्या आजच्या वयापेक्षा कितीतरी जास्त काळ जळत राहील. त्यामुळे गुच्छ जसजसा वयात येतो तसतसा तो तिरपा पट्टा वरच्या टोकापासून झिजत जातो. आधी निळे तारे जातात, मग पांढरे, मग पिवळे. पट्टा जिथे तुटून उजवीकडे, तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडे वळतो, त्या वळणावरच्या ताऱ्याचे आयुष्य म्हणजेच गुच्छाचे वय. मेणबत्ती किती जळली यावरून वेळ ओळखावी तसे.

प्रत्यक्ष उदाहरणे घ्या. ययाती तारकासमूहातल्या जोडगुच्छाचे वय दीड कोटी वर्षांच्या आत-बाहेर, तिथे प्रखर निळे तारे अजून शाबूत आहेत. कृत्तिकांमध्ये ठळक तारे निळे आहेत, पण सर्वांत जड पिढी गेली, मागे श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा गाभा, सापडतो. रोहिणी शकटाचा गुच्छ ६० ते ६५ कोटी वर्षांचा, आणि त्यातले चार तारे फुगून नारिंगी झाले आहेत. कर्क राशीतला एम ६७ (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक) सुमारे ४०० कोटी वर्षांचा, म्हणजे जवळपास सूर्याच्या वयाचा. तिथे वळण सूर्यापेक्षा थोड्याच जड ताऱ्यांशी येऊन ठेपले आहे. हे चार आलेख शेजारी शेजारी ठेवले की एकाच ताऱ्यावर कोट्यवधी वर्षे नजर न ठेवताही ताऱ्यांचे आख्खे आयुष्य वाचता येते.

खुला गुच्छ आणि गोलाकार गुच्छ यांत फरक काय?

खुल्या गुच्छात काही शे ते काही हजार तारे, आकार विस्कळीत, जागा आकाशगंगेच्या तबकडीत, वय सहसा काही कोटी वर्षे. गोलाकार गुच्छात लाखो तारे चेंडूसारखे घट्ट, जागा तबकडीच्या बाहेर सगळीकडे, वय बहुधा १,००० ते १,३०० कोटी वर्षे. आपल्या आकाशगंगेत गोलाकार गुच्छ दीडशेहून थोडे अधिक माहीत आहेत, तर खुले काही हजार.

शौरी तारकासमूहातला एम १३ आठ इंची दुर्बिणीतून बघा. आधी कापसाचा गोळा दिसतो. थेट रोखून न बघता नजर किंचित बाजूला ठेवा. मग गोळ्याच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके फुटू लागतात, आणि थोड्या वेळाने आतवर दाणे दिसतात. त्या प्रत्येक दाण्याचा प्रकाश २० हजारांहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि जे दाणे दिसतात ते बहुतेक तांबडे राक्षसी तारे आहेत. सूर्यासारखे तारे त्या दुर्बिणीला दिसतही नाहीत.

असे गोलाकार गुच्छ आता जन्मत नाहीत का?

जन्मतात, पण आपल्या आकाशगंगेत आज तशी परिस्थिती क्वचित असते. त्यासाठी फार मोठ्या प्रमाणात वायू फार कमी जागेत दाबला जावा लागतो. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेतल्या टॅरंट्युला तेजोमेघात आर १३६ नावाचा गुच्छ आहे, वय १०-२० लाख वर्षे, आणि त्यातला एक तारा सूर्याच्या २०० पटींच्या आसपास वस्तुमानाचा. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात तिथे तर असे भारी गुच्छ घोसाने जन्मताना दिसतात. विश्वाच्या सुरुवातीला ही परिस्थिती सगळीकडे होती. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोटानंतर अवघ्या ४६ कोटी वर्षांच्या काळातल्या एका दीर्घिकेत पाच लहान, अतिदाट गुच्छ वेगवेगळे दाखवले. पुढल्या काळातल्या गोलाकार गुच्छांचे बालपण कदाचित असेच असेल.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. गोलाकार गुच्छातले सगळे तारे एकाच घाण्याचे असावेत अशी अपेक्षा होती. वर्णपट बघितले तर सोडियम, ऑक्सिजन, हेलियम यांचे प्रमाण वेगवेगळे असलेले ताऱ्यांचे दोन-तीन गट निघाले. एनजीसी २८०८ या गुच्छाच्या आलेखात मुख्य क्रमाचे तीन वेगळे पट्टे दिसतात. हे कसे झाले यावर अनेक मते आहेत, एकही पूर्ण समाधानकारक नाही.

गुच्छातले तारे एकमेकांवर कोसळत का नाहीत? आणि मग बदलते काय?

कोसळत नाहीत कारण प्रत्येक जण फिरतो आहे. मधमाशांच्या थव्याकडे बघावे तसे: प्रत्येकीची वाट वेगळी, थवा मात्र जागच्या जागी. फरक इतकाच की गुच्छात मध्यभागी सूर्यासारखा कुणी मालक नसतो. सगळ्यांचे मिळून जे गुरुत्वाकर्षण होते त्यात सगळे फिरतात.

बदल घडवतात त्या भेटी. दोन तारे एकमेकांजवळून जातात तेव्हा टक्कर होत नाही, पण थोडी ऊर्जा इकडून तिकडे जाते. एक भेट क्षुल्लक असते. कोट्यवधी वर्षांत अशा अगणित भेटी साठत जातात. जड तारा हलक्याला भेटला की सहसा जड तारा ऊर्जा गमावतो आणि हलका ती कमावतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ साली याचे गणित मांडले: गर्दीतून जाणाऱ्या जड ताऱ्याच्या मागे इतर तारे किंचित गोळा होतात आणि त्याला मागे ओढतात, जणू घर्षणच. परिणाम असा की जड तारे मध्याकडे बुडतात आणि हलके कडेला तरंगतात.

हे केवळ कागदावर नाही. हबल दुर्बिणीने ४७ टुकाने या गोलाकार गुच्छातले सुमारे ३,००० श्वेतबटू तपासले. तारा श्वेतबटू होताना बरेचसे वस्तुमान गमावतो, म्हणजे तो हलका होतो. हलका झाला की त्याने कडेकडे सरकायला हवे. आणि तसेच दिसले. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी श्वेतबटू झालेले अजून मध्याजवळ होते, आणि सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी झालेले दूर जाऊन पोहोचले होते. वजन घटले म्हणून तारा घर सोडून निघाला, आणि त्याचा प्रवास अर्ध्या वाटेवर टिपला गेला! माझ्या वाचनातले हे सर्वांत सुंदर निरीक्षण आहे.

तारे गुच्छातून निसटतात कसे?

भेटींत कधी एखाद्या हलक्या ताऱ्याला इतका वेग मिळतो की गुच्छाची ओढ त्याला परत आणू शकत नाही. तो कायमचा जातो. पाण्याची वाफ व्हावी तसे एकेक तारा उडत राहतो. त्यात आकाशगंगेची ओढ भर घालते. गुच्छाच्या, आकाशगंगेच्या केंद्राकडच्या बाजूला ती जास्त, पलीकडच्या बाजूला कमी, त्यामुळे गुच्छ ताणला जातो आणि कडेचे तारे दोन्ही टोकांनी ओघळतात. पुढे ओघळलेले आणि मागे ओघळलेले तारे मिळून दोन शेपट्या तयार होतात. रोहिणीच्या गुच्छाच्या अशा शेपट्या २०१९ साली गायाच्या मोजमापांतून हाती आल्या. त्या आधी कुणाला दिसणेच शक्य नव्हते, कारण त्या आपल्या भोवतालच्या आकाशात इतक्या पसरल्या आहेत की निव्वळ डोळ्यांना शेपटी म्हणून ओळखताच येत नाहीत.

तिसरा शत्रू म्हणजे वाटेत भेटणारे मोठे रेणुमेघ. लायमन स्पिट्झर यांनी १९५८ साली दाखवले की अशा मेघांच्या धक्क्यांनी सामान्य खुला गुच्छ काही दशकोटी वर्षांत विसकटतो. कृत्तिकांना आणखी सुमारे २५ कोटी वर्षे मिळतील असा अंदाज आहे. एम ६७ एवढा जुना होऊ शकला याचे एक कारण म्हणजे तो तबकडीच्या मधल्या गर्दीपासून बराच वर असतो.

गाभा कोसळणे म्हणजे काय?

गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या समूहाचा एक विचित्र गुण आहे: ऊर्जा गमावली की तो थंड न होता तापतो. मध्यातले तारे ऊर्जा देऊन बसले की आत सरकतात, आत सरकले की त्यांचा वेग वाढतो, वेग वाढला की ते बाहेरच्यांना आणखी ऊर्जा देतात. गाभा आकसत जातो, दाट होत जातो. आकाशगंगेतल्या साधारण एक पंचमांश गोलाकार गुच्छांत ही अवस्था येऊन गेल्याच्या खुणा आहेत. महाश्व तारकासमूहातला एम १५ हा त्यांतला प्रसिद्ध.

मग हे थांबते कुठे? जोडताऱ्यांपाशी. एकमेकांभोवती फिरणारी घट्ट जोडी ही ऊर्जेची पेढी असते. तिसरा तारा जवळून गेला की जोडी आणखी घट्ट होते आणि सुटलेली ऊर्जा त्या तिसऱ्याला मिळते. मूठभर जोड्या लाखो ताऱ्यांच्या गाभ्याला सावरून धरतात.

ताऱ्यांची टक्कर कधीच होत नाही?

सूर्याच्या परिसरात जवळजवळ नाही. गोलाकार गुच्छाच्या गाभ्यात मात्र आपल्या इथल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त दाटी असते, तिथे क्वचित होते. ॲलन सँडेज यांना १९५३ साली एम ३ मध्ये असे निळे तारे सापडले जे त्या वयाच्या गुच्छात असायलाच नकोत. त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात, म्हणजे मागे रेंगाळलेले निळे. दोन ताऱ्यांच्या मिलनाने किंवा जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतल्याने त्यांना नवे इंधन मिळालेले असते.

गुच्छांच्या मध्यभागी कृष्णविवर असते का?

सगळ्यांत असतेच असे नाही. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार गुच्छ, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा. २०२४ साली त्याच्या मध्याजवळ सात तारे इतक्या वेगाने जाताना आढळले की तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचे काहीतरी हवे. हबलच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांतून हे निघाले. पण हा गुच्छ मुळात आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा गाभा असावा, असा बऱ्याच जणांचा कयास आहे, तेव्हा त्यावरून बाकीच्यांविषयी निष्कर्ष काढू नये.

ताऱ्यांच्या मृत्यूतून झालेली लहान कृष्णविवरे वेगळी. ती जड असल्याने मध्याकडे बुडतात आणि आपसांत जोड्या जमवतात. गुरुत्वीय लहरींतून ज्या कृष्णविवरांच्या टकरी कळतात, त्यांतल्या काही अशा गुच्छांत घडत असाव्यात. पालोमार ५ या विरत चाललेल्या गुच्छाच्या शेपट्या २००१ साली सापडल्या. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार त्याच्या वस्तुमानाचा पाचवा हिस्सा कृष्णविवरांत असावा, आणि सुमारे १०० कोटी वर्षांनी तारे सगळे ओघळून गेल्यावर तिथे फक्त कृष्णविवरांचा गुच्छ उरावा.

सूर्यही गुच्छात जन्मला होता का?

बहुतेक हो. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे उल्कापाषाणात, ॲल्युमिनियम-२६ या ॲल्युमिनियमच्या किरणोत्सारी रूपाच्या क्षयातून उरलेले मॅग्नेशियम सापडले. या ॲल्युमिनियमचा अर्धायुकाल जेमतेम सात लाख वर्षांचा. म्हणजे सूर्यमाला घडत असताना ते ताजे होते, आणि ते पुरवणारा एखादा जड तारा जवळपास होता. जड तारे एकटे सहसा जन्मत नाहीत. त्यानंतर सूर्याने आकाशगंगेला वीसेक फेऱ्या मारल्या. भावंडे कुठच्या कुठे गेली. त्यांना रासायनिक घटकांवरून शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

गुच्छांतल्या ताऱ्यांना ग्रह असतात?

असतात. रोहिणीच्या आणि पुष्याजवळच्या एम ४४ गुच्छात ग्रह सापडले आहेत. ४७ टुकानेत मात्र हबलने सुमारे ३४,००० ताऱ्यांवर नजर ठेवूनही ताऱ्याला खेटून फिरणारा एकही मोठा ग्रह मिळाला नाही. तिथल्या ताऱ्यांत जड मूलद्रव्ये कमी, आणि शेजारची गर्दी फार.

गुच्छांच्या अभ्यासातून बाकी काय हाती लागले?

आपला पत्ता. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ च्या सुमारास गोलाकार गुच्छांची अंतरे मांडली, तेव्हा ते धनू राशीच्या दिशेला दाटलेले दिसले. म्हणजे आकाशगंगेचे केंद्र तिकडे आहे आणि सूर्य मध्यावर नाही. १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी खुल्या गुच्छांवरून दाखवले की ताऱ्यांमधली धूळ प्रकाश अडवते, त्यामुळे आधीची पुष्कळ अंतरे चुकीची धरली गेली होती. आणि १९९० च्या दशकात गोलाकार गुच्छांचे वय विश्वाच्या वयापेक्षा जास्त निघू लागले, तेव्हा मोठीच अडचण उभी राहिली. गुच्छांची अंतरे सुधारली, विश्वाचे प्रसरण वेग घेते आहे हे १९९८ मध्ये कळले, आणि १,३८० कोटी वर्षांच्या विश्वात ते गुच्छ नीट बसले.

हे सगळे एका रात्री बघता येईल का?

येईल. जानेवारी-फेब्रुवारीतली चंद्र नसलेली रात्र निवडा आणि गुच्छ वयाच्या क्रमाने बघा. आधी मृगातला तेजोमेघ. मग ययातीतला जोडगुच्छ, जो साध्या द्विनेत्रीतही एका दृश्यात मावतो. मग कृत्तिका: नुसत्या डोळ्यांना सहा-सात, द्विनेत्रीत पन्नासच्या घरात. मग रोहिणी शकट, इतका जवळचा की द्विनेत्रीत मावता मावत नाही. रात्र चढली की एम ४४. आणि शेवटी त्याच्या खाली थोड्याच अंतरावर एम ६७. द्विनेत्रीत तो फुंकर मारलेल्या काचेवरच्या वाफेएवढा दिसेल, दुर्बिणीत तीसेक मंद ठिपके. त्या वाफेत सूर्याच्या वयाचे, सूर्याच्या रंगाचे तारे आहेत, आणि अजून ते एकत्र आहेत.